वाचकांचे प्रश्न : एचआयव्ही, केमोकाइन आणि पेशींवरचे ग्राही

एचआयव्हीच्या उपचारांवरील आमच्या लेखानंतर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. हा विषाणू पेशीत शिरताना कशाचा आधार घेतो आणि शरीरातील केमोकाइन नावाची प्रथिने त्याला अडवतात की त्याच्या पथ्यावर पडतात, हा त्यांचा गाभा आहे. या वेळचे सदर त्या पत्रांसाठी राखून ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे देण्याचे टाळले आहे.

प्रश्न : मी लातूरला सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात एके ठिकाणी केमोकाइन एचआयव्हीला रोखतात असे लिहिले आहे, आणि पुढच्याच प्रकरणात संसर्ग झालेल्यांच्या रक्तात केमोकाइन वाढणे हे वाईट लक्षण मानले आहे. दोन्ही खरे कसे असेल? संसर्गात ही प्रथिने आणि त्यांचे ग्राही वाढतात की घटतात?

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत, पण ती वेगवेगळ्या केमोकाइनांविषयी आणि संसर्गाच्या वेगवेगळ्या टप्प्यांविषयी आहेत. माणसाच्या शरीरात पन्नासच्या आसपास केमोकाइन आहेत आणि त्यांना ओळखणारे वीसएक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, आहेत. कोणत्या पांढऱ्या पेशीने रक्तातून बाहेर पडून कोठे जायचे, कोठे थांबायचे आणि कोठून परतायचे, हे या प्रथिनांवर ठरते. शिवारात गुऱ्हाळ चालू असेल तर वास जिकडे दाट होत जातो तिकडे माणसाची पावले वळतात, तशी पेशीही केमोकाइनाचे प्रमाण जिकडे वाढत जाते तिकडे सरकते. ग्राही हे पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेले प्रथिन असते. त्याचे बाहेरचे टोक केमोकाइन पकडते आणि आतले टोक पेशीला हालचालीचा संदेश देते.

एचआयव्हीशी यांचा संबंध उशिरा लक्षात आला. विषाणू टी-पेशी या प्रतिकारयंत्रणेतील पांढऱ्या पेशींवरील सीडी४ या प्रथिनाला चिकटतो, हे १९८४ मध्येच ठाऊक झाले होते. मात्र उंदराच्या पेशींवर मानवी सीडी४ बसवले, तरी विषाणू त्यांना नुसता चिकटे. आत शिरत नसे. म्हणजे मानवी पेशीवर आणखी काहीतरी असले पाहिजे, हे उघड होते; ते काय, हे सापडायला एक तप लागले. डिसेंबर १९९५ मध्ये रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेतील फिओरेन्झा कोकी, पाओलो लुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की सीडी८ पेशी, म्हणजे टी-पेशींचाच दुसरा प्रकार, ज्या द्रव्यांनी विषाणूची वाढ दाबतात त्यांत तीन केमोकाइन आहेत. त्यांना आज आपण सीसीएल३, सीसीएल४ आणि सीसीएल५ म्हणतो. जुन्या पुस्तकांत सीसीएल५ चे नाव रँटीस असे आढळेल. पुढे मे १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील एडवर्ड बर्जर यांच्या गटाने सीएक्ससीआर४ हा पहिला सहग्राही, म्हणजे सीडी४ च्या जोडीला विषाणूला लागणारा ग्राही, शोधला आणि जूनमध्ये पाच वेगवेगळ्या गटांनी सीसीआर५ हा दुसरा सहग्राही जाहीर केला. वरील तिन्ही केमोकाइन नेमके सीसीआर५ लाच बसतात. दोन दिशांनी चाललेले संशोधन अशा रीतीने सहा महिन्यांत एका ठिकाणी येऊन मिळाले. विषाणूच्या आवरणावरील जीपी१२० हे प्रथिन आधी सीडी४ ला चिकटते, त्यामुळे त्याचा आकार बदलतो, मग ते सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ ला पकडते आणि त्यानंतर जीपी४१ या त्याच्या जोडीच्या प्रथिनाच्या साहाय्याने विषाणूचे आणि पेशीचे आवरण एकरूप होते, हा क्रम तेव्हापासून प्रस्थापित आहे.

आता आपल्या पहिल्या विधानाकडे वळू. केमोकाइन विषाणूला दोन प्रकारे अडवतात. एक म्हणजे ते सीसीआर५ वरची जागा आधीच व्यापतात. दुसरा प्रकार अधिक परिणामकारक आहे. केमोकाइन बसले की ग्राहीच्या आतल्या टोकाला फॉस्फेटचे गट जोडले जातात, अरेस्टिन नावाचे प्रथिन त्यावर येऊन बसते आणि ग्राही पेशीच्या आत ओढला जातो. काही वेळाने तो पुन्हा पृष्ठभागावर येतो. पण मधल्या काळात विषाणूला पकडायला बाहेर काही शिल्लक नसते. सर्व पेशींमध्ये ग्राहींची संख्या ताब्यात ठेवण्याची ही नेहमीची पद्धत आहे. एचआयव्हीसाठी शरीराने ती मुद्दाम घडवलेली नाही.

हेच केमोकाइन विषाणूच्या उपयोगी कसे पडतात, हे माकडांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील ॲशली हासे यांच्या गटाने २००९ मध्ये असे मांडले, की माकडांमधील एसआयव्ही हा एचआयव्हीचा भाऊबंद विषाणू मादीच्या जननमार्गात पोहोचला की गर्भाशयाच्या मुखाजवळील अस्तरातून सीसीएल२० स्रवते. त्याच्या ओढीने विशिष्ट डेंड्रायटिक पेशी, म्हणजे जंतूची खबर देणाऱ्या पेशी, तेथे येतात. त्या स्वतः आणखी केमोकाइन सोडतात आणि त्यामुळे सीसीआर५ असलेल्या टी-पेशी गोळा होतात. आरंभी थोड्याच पेशींत अडकलेल्या विषाणूला पसरण्यासाठी नेमक्या याच पेशी हव्या असतात. शरीराने संरक्षणासाठी बोलावलेली कुमक अशा प्रकारे विषाणूचे भक्ष्य ठरते. या प्रयोगांत ग्लिसरॉल मोनोलॉरेट या साध्या पदार्थाने हा दाह दाबल्यावर माकडांचे संसर्गापासून संरक्षण झाले, ही बाब मला त्या संशोधनातील सर्वांत बोलकी वाटते, कारण त्यात विषाणूवर थेट इलाज केलेला नव्हता. पेशींचे येणे तेवढे थोपवले होते.

ग्राही वाढतात की घटतात, या आपल्या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या अवस्थेवर अवलंबून आहे. ज्या टी-पेशींनी अजून कोणताही जंतू पाहिलेला नाही, त्यांच्यावर सीएक्ससीआर४ भरपूर आणि सीसीआर५ नगण्य असतो. ज्या पेशी एकदा लढून स्मृती राखून आहेत, विशेषतः ज्या पुन्हा उत्तेजित झाल्या आहेत, त्यांच्यावर सीसीआर५ ठळकपणे येतो. आतड्याच्या अस्तरात अशा पेशी दाटीने असतात, म्हणूनच संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच तेथील सीडी४ पेशींचा मोठा ऱ्हास होतो, रक्तातील आकडा मात्र तेव्हा इतका घसरलेला दिसत नाही. पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या इंटरल्युकिन या प्रथिनांपैकी इंटरल्युकिन-२ सीसीआर५ वाढवते, इंटरल्युकिन-७ सीएक्ससीआर४ वाढवते, तर इंटरल्युकिन-४ सीएक्ससीआर४ वाढवून सीसीआर५ कमी करते. दीर्घ संसर्गात प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहिल्याने सीसीआर५ असलेल्या नव्या पेशी तयार होत राहतात, आणि त्याच पेशी विषाणूला बळीही पडत राहतात. त्यामुळे रक्ताच्या एका नमुन्यात त्यांचे प्रमाण वाढलेले आणि दुसऱ्यात घटलेले आढळले, तर दोन्हीपैकी कोणतेही निरीक्षण चुकीचे ठरत नाही.

आफ्रिकेतील सूटी मँगबे या माकडाचे उदाहरण येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या रक्तात एसआयव्ही भरपूर असतो, तरीही त्याला सहसा एड्स होत नाही. आणि त्याच्या सीडी४ पेशींवर सीसीआर५ फारच कमी असतो. या संरक्षणाचे ते एकमेव कारण नसले, तरी ग्राहींच्या संख्येचे महत्त्व त्यातून कळते.

विषाणूही या व्यवस्थेत ढवळाढवळ करतो. त्याचे नेफ हे प्रथिन संसर्ग झालेल्या पेशीवरून सीडी४ आणि दोन्ही सहग्राही आत ओढून घेते, म्हणजे त्याच पेशीत दुसरा विषाणू शिरण्याची शक्यता घटते. टॅट हे प्रथिन संसर्गित पेशीतून बाहेर पडते आणि केमोकाइनाचे सोंग घेऊन मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना ओढते. येथे भारताशी संबंधित एक तपशील आहे. आपल्या देशात आढळणारा विषाणू बहुतांशी एचआयव्ही-१ चा सी हा उपप्रकार आहे, आणि त्याच्या टॅटमध्ये ३१ व्या स्थानी सिस्टीनऐवजी सहसा सेरीन हे अमिनो आम्ल असते. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले, की या एका बदलामुळे सी उपप्रकाराच्या टॅटची मोनोसाइट ओढण्याची क्षमता खालावते. मोनोसाइट विषाणूला मेंदूपर्यंत नेऊ शकतात; तरी याचा अर्थ आपल्याकडील रुग्णांच्या मेंदूवर परिणाम होत नाही असा मात्र कोणी काढू नये. या उपप्रकाराचे दुसरे वैशिष्ट्य असे, की बी उपप्रकारात आजार वाढल्यावर बऱ्याच रुग्णांत विषाणू सीसीआर५ सोडून सीएक्ससीआर४ वापरू लागतो, तसे सी उपप्रकारात कमी वेळा घडते. त्यामुळे आपल्या दृष्टीने सीसीआर५ हाच मुख्य सहग्राही आहे.

केमोकाइन तयार झाल्यानंतरही त्यांच्यावर नियंत्रण चालू असते. सीडी२६ हे एन्झाइम त्यांच्या टोकाची दोन अमिनो आम्ले कापते. अशी काटछाट झाली की सीसीएल५ ची सीसीआर५ रोखण्याची क्षमता वाढते, तर सीएक्ससीआर४ ला बसणारे सीएक्ससीएल१२ निकामी होते. एकाच कात्रीचे दोन उलटे परिणाम. मधुमेहासाठी ग्लिप्टिन वर्गाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हेच एन्झाइम डीपीपी-४ या नावाने ऐकले असेल. त्या गोळ्यांचा एचआयव्हीवर बरावाईट परिणाम होतो, असा निष्कर्ष येथून काढण्याचे कारण नाही.

राहिले आपले दुसरे विधान. रुग्णांच्या रक्तात जे केमोकाइन वाढणे चिंतेचे मानतात, त्यांत सीएक्ससीएल१० प्रमुख आहे. विषाणूमुळे इंटरफेरॉन ही शरीराची विषाणूविरोधी प्रथिने निर्माण होतात आणि इंटरफेरॉनमुळे सीएक्ससीएल१० वाढते. ते सीएक्ससीआर३ या वेगळ्या ग्राहीला बसते, त्यामुळे सीसीआर५ अडवण्याच्या कामी ते येत नाही; उलट उत्तेजित टी-पेशींना संसर्गाच्या जागी आणते. संसर्गाच्या सुरुवातीलाच ज्यांच्यात ते अधिक असते, त्यांच्या सीडी४ पेशी पुढे लवकर घसरतात, असे अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा परीक्षेत हा प्रश्न आला, तर उत्तराच्या पहिल्याच वाक्यात कोणते केमोकाइन, शरीराच्या कोणत्या भागात आणि संसर्गाच्या कोणत्या टप्प्यावर, हे लिहावे. ते न लिहिता वाढते किंवा घटते असे लिहिलेले उत्तर मी तरी पूर्ण गुणांचे धरणार नाही.

प्रश्न : मी अंबाजोगाई परिसरात समुपदेशनाचे काम करते. एका जोडप्यात पती एचआयव्हीबाधित असून पत्नीची तपासणी अनेक वर्षे नकारार्थी येते आहे. तिच्यात एचआयव्ही न होण्याचे जनुक असल्याचे नातेवाइकांनी ठरवून टाकले आहे आणि आता तीही काळजी घेण्याचा कंटाळा करते. असे जनुक खरेच असते का? त्याची तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : असा जनुकीय बदल असतो, पण या ताईंमध्ये तो असण्याची शक्यता फारच थोडी आहे. सीसीआर५ च्या जनुकातून ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असेल, तर त्याला डेल्टा-३२ म्हणतात. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल आलेल्या व्यक्तीच्या पेशींवर सीसीआर५ पोहोचतच नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत अशा व्यक्ती शंभरात सुमारे एक असतात. भारतीयांत हा बदल अत्यंत विरळ आहे. शिवाय तो असला, तरी सीएक्ससीआर४ वापरणाऱ्या विषाणूपासून त्याचे संरक्षण नसते. दोन्हीकडून हा बदल मिळालेल्या काही मोजक्या व्यक्तींना अशा विषाणूचा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत.

मग पत्नीला संसर्ग का झाला नाही? याचे बहुधा साधे उत्तर पतीच्या उपचारांत सापडेल. प्रत्येक संबंधातून संसर्ग होतोच असे नाही, आणि जोडीदाराच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण जितके कमी तितकी शक्यता घटते. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांचा जो मोठा अभ्यास एचपीटीएन ०५२ या नावाने ओळखला जातो आणि ज्यात पुणे व चेन्नई येथील केंद्रे सहभागी होती, त्याच्या २०११ मधील निष्कर्षानुसार बाधित जोडीदाराने एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबणारी औषधे, लवकर सुरू केल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. पुढच्या अभ्यासांतून हेही पक्के झाले, की औषधे नियमित घेऊन विषाणुभार, म्हणजे व्हायरल लोड, मोजता न येण्याइतका खाली राहिला तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. त्यामुळे आपण या ताईंना जनुकाच्या तपासणीला पाठवू नये. पतीचा विषाणुभार शेवटी कधी मोजला, तो किती होता आणि मधल्या काळात गोळ्या कधी चुकल्या का, एवढे विचारावे. ऊसतोडीच्या हंगामात कोयता घेऊन चार-सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांत गोळ्यांचा खंड पडतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. जाण्याआधीच केंद्रातून पुढच्या काळाचा साठा मागून घेता येतो, किंवा ते जेथे जातात तेथील केंद्राशी जोडून घेता येते. पत्नीची ठरावीक काळाने तपासणी आणि निरोध या दोन्ही गोष्टी, विषाणुभार सातत्याने खाली असल्याची खात्री होईपर्यंत, सुरूच ठेवाव्यात.

नातेवाइकांच्या बोलण्यावरून दिसते, की पतीच्या संसर्गाची माहिती घरापलीकडे गेली आहे. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय अशी माहिती उघड करता येत नाही, याची जाणीव आपण त्यांना द्यावी.

प्रश्न : नांदेडहून लिहितो. माझ्या भावाला एचआयव्ही असून आता टीबी निघाला आहे. एका आजाराने दुसरा वाढतो असे डॉक्टर म्हणाले. सीडी४ पेशी कमी झाल्याने टीबी होतो हे समजले. पण टीबीमुळे एचआयव्ही का वाढावा?

उत्तर : टीबीचा जंतू जेथे ठाण मांडतो, तेथे त्याला कोंडून ठेवण्यासाठी शरीर पेशींची गाठ बांधते. त्यासाठी तेथील मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी सीसीएल५ आणि सीएक्ससीएल१० यांसारखी केमोकाइन मोठ्या प्रमाणात सोडतात, त्यांच्या ओढीने उत्तेजित टी-पेशी येतात, आणि उत्तेजित पेशींवर सीसीआर५ अधिक असतो, हे वरच्या उत्तरात आलेच आहे. शिवाय टीबीच्या जंतूमुळे मॅक्रोफेज आणि टी-पेशींवरील सहग्राहींची संख्याही वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यात टीएनएफ या दाहकारक प्रथिनाची भर पडते. ते पेशीत आधीच शिरलेल्या विषाणूचे जनुक जागे करते. छातीत टीबीचे पाणी झालेल्या रुग्णांत त्या पाण्यातील विषाणूचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा जास्त आढळते, ते यामुळेच. येथे सीसीएल५ विषाणूला का रोखत नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. रोखत असेलही, पण त्याच्या हाकेला आलेल्या पेशींची गर्दी आणि त्यांचे उत्तेजित असणे यांपुढे तो अटकाव तोकडा पडतो.

भावाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की टीबीची औषधे आधी सुरू होतात आणि त्यामागोमाग, साधारणतः दोन आठवड्यांच्या आत, एआरटी सुरू करतात. टीबी मेंदूच्या आवरणात असेल तर मात्र डॉक्टर अधिक थांबतात. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे एआरटीतील डोल्युटेग्रॅव्हिरचे रक्तातील प्रमाण घटते, म्हणून टीबीचा उपचार चालू असेपर्यंत त्याची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा द्यावी लागते. भावाला दुसरी गोळी दिली आहे ना, एवढे अवश्य विचारून घ्या. एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप किंवा गाठी वाढल्यासारख्या वाटल्या, तर औषध लागू पडत नाही असे समजून ते बंद करू नका. सावरत असलेली प्रतिकारयंत्रणा टीबीच्या जंतूवर एकदम तुटून पडल्याने असे होऊ शकते. त्यावर इलाज आहे, मात्र त्यासाठी लगेच केंद्रात जायला हवे.

प्रश्न : अस्थिमज्जा बदलून एचआयव्ही बरा झाल्याच्या बातम्या येतात. परभणीतल्या माणसाने त्यासाठी मुंबईला किंवा परदेशी जाण्याचा विचार करावा का? आणि सीसीआर५ नसला तरी माणूस जगतो, तर तो औषधाने कायमचा बंद का करत नाहीत?

उत्तर : नुसत्या एचआयव्हीसाठी जाऊ नये. ज्यांच्या बातम्या आपण वाचल्या, त्यांना अस्थिमज्जा बदलावी लागली ती रक्ताच्या किंवा लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी. बर्लिनचा रुग्ण म्हणून ओळखले गेलेले टिमोथी रे ब्राउन यांच्यावर २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी हा उपचार झाला. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी दोन्ही जनुकांत डेल्टा-३२ असलेला दाता शोधला. त्यांचा एचआयव्ही परत आला नाही. पण कर्करोग उलटला आणि २०२० मध्ये त्यातच त्यांचे निधन झाले. नंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ अशा ठिकाणी मोजके रुग्ण असे बरे झाले. या उपचारात होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण लक्षात घेता, रोज एक गोळी घेऊन वर्षानुवर्षे चांगले जगणाऱ्या माणसाने तो पत्करणे शहाणपणाचे नाही. त्याच्या अपयशाचीही नोंद आहे : जर्मनीतील एसेन येथील एका रुग्णाला असाच दाता मिळाला होता, परंतु सीएक्ससीआर४ वापरणारा विषाणू उसळून आला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की सीसीआर५ अडवणारे औषध आहे. मॅराव्हिरॉक या गोळीला अमेरिकेत ऑगस्ट २००७ मध्ये मान्यता मिळाली. ती सीसीआर५ ला चिकटून त्याचा आकार असा बदलते, की जीपी१२० ला तो ओळखता येत नाही. त्याच वर्गातील ॲप्लाव्हिरॉक यकृताला घातक ठरल्याने २००५ मध्येच मागे पडले होते. मॅराव्हिरॉक देण्याआधी रुग्णाचा विषाणू सीसीआर५ वापरतो की सीएक्ससीआर४, हे महागड्या चाचणीने पाहावे लागते, आणि सीएक्ससीआर४ वापरणारे थोडे विषाणू जरी असले तरी औषधाच्या दडपणाखाली तेच फोफावतात. आपल्याकडे मोफत उपचारात बहुतेकांना जी टीएलडी गोळी मिळते, तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर आहे. ती विषाणू कोणताही सहग्राही वापरत असला तरी लागू पडते.

सीएक्ससीआर४ बंद करण्याचा विचार तर करताच येत नाही. रक्ताच्या मूळ पेशी अस्थिमज्जेत टिकून राहतात त्या त्याच्यामुळे, आणि तो नसलेली उंदराची पिले जन्माआधीच मरतात. एचआयव्हीसाठी शोधलेले प्लेरिक्साफोर हे सीएक्ससीआर४ रोधक औषध शेवटी मूळ पेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरवून घेण्यासाठी वापरात आले. सीसीआर५ देखील अगदीच निरुपयोगी नाही. दोन्ही जनुकांत डेल्टा-३२ असलेल्यांना वेस्ट नाईल विषाणूच्या संसर्गात लक्षणांसह आजारी पडण्याचा धोका अधिक असतो, हे २००६ मध्ये लक्षात आले. चीनमधील हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये भ्रूणावस्थेतच सीसीआर५ चे जनुक बदलून मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यांना धारेवर धरले, आणि ते योग्यच होते. त्या मुलींच्या पित्याला असलेला एचआयव्ही त्यांच्यापर्यंत पोहोचू नये यासाठी सोपे आणि सुरक्षित मार्ग आधीपासून उपलब्ध होते.

प्रश्न : जालना. माझा विषाणुभार बरीच वर्षे मोजता न येण्याइतका कमी आहे. तरी शरीरात सूज राहते आणि हृदयाला धोका असतो असे वाचले. विषाणू दबलेला असताना हे का?

उत्तर : औषधे विषाणूची वाढ थांबवतात, ज्या पेशींत तो निद्रिस्त आहे, त्या पेशी मात्र राहतात. अशा पेशी तयार होण्यात केमोकाइनांचाही हात असावा. ऑस्ट्रेलियातील शॅरन लुइन यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले, की लसिका ग्रंथींत नेहमीच असणारी सीसीएल१९ आणि सीसीएल२१ ही केमोकाइन प्रयोगशाळेत विश्रांत टी-पेशींना दिली, तर एरवी ज्यांच्यात संसर्ग रुजत नाही अशा त्या पेशींत विषाणू शिरून दडून बसतो. याशिवाय आतड्याच्या अस्तराची सुरुवातीला झालेली हानी पूर्ण भरून येत नाही, तेथून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि मोनोसाइट पेशी चेतलेल्या राहतात. उपचारांनी सीएक्ससीएल१० बरेच उतरते, पण अनेकांत ते निरोगी माणसाच्या पातळीला येत नाही. मोनोसाइटना ओढणारे सीसीएल२ हे केमोकाइन रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मेद साचण्याच्या प्रक्रियेत भाग घेते, आणि हृदयाशी असलेला संबंध येथून येतो.

यावर केमोकाइन रोखणारी गोळी आपल्याला कोणी सांगितली, तर घेऊ नका. ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे, ते स्टॅटिन आहे : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि भारतातील रुग्णही सहभागी असलेल्या मोठ्या चाचणीत, ४० ते ७५ वर्षे वयाच्या, एआरटी घेणाऱ्या आणि हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम असलेल्या व्यक्तींना पिटाव्हास्टॅटिन दिल्यावर हृदयविकाराच्या मोठ्या घटना सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या. आपले वय या टप्प्यात असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. आपण तंबाखू खात असाल किंवा विडी ओढत असाल, तर ते सुटणे त्याहून अधिक मोलाचे आहे.

प्रश्न : धाराशिव जिल्ह्यातून लिहिते. एका खासगी प्रयोगशाळेने ‘केमोकाइन तपासणी’ सुचवली आहे आणि प्रतिकारशक्ती वाढवणारा काढाही मिळतो म्हणे. घ्यावा का?

उत्तर : दोन्ही नको. रक्तातील केमोकाइनांचे आकडे दिवसागणिक, साध्या सर्दीतापानेही बदलतात आणि त्यांवरून उपचार बदलण्याचा कोणताही मान्य नियम नाही. प्रतिकारशक्ती ‘वाढवणे’ म्हणजे टी-पेशी उत्तेजित करणे असेल, तर त्या पेशींवर सीसीआर५ वाढतो, हे लातूरच्या विद्यार्थ्याला दिलेल्या उत्तरात आपण वाचलेच असेल. आणि काही वनौषधींमुळे एआरटीच्या औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलते. आपला विषाणुभार आणि सीडी४ यांची तपासणी शासकीय एआरटी केंद्रात विनामूल्य होते. पैसे खर्चून करण्याजोगी केमोकाइनांशी संबंधित एकच चाचणी आहे : विषाणू कोणता सहग्राही वापरतो हे सांगणारी. ती फक्त मॅराव्हिरॉक सुरू करण्याचा विचार असेल तेव्हाच करतात.